फरशीखालचा पाइप गळतोय का? ॲप डाउनलोड करण्याआधी हे तपासा

डिसेंबर २०२५ च्या शेवटी इंदूरच्या भागीरथपुरा भागात शेकडो लोकांना एकदम उलट्या-जुलाब सुरू झाले. अनेकांचा जीव गेला. स्वच्छतेच्या क्रमवारीत वर्षानुवर्षं पहिलं येणारं हे शहर, आणि तिथे पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं होतं. शोधाशोध झाल्यावर पोलीस चौकीच्या आवारातल्या एका शौचालयाखाली मुख्य जलवाहिनीची गळती सापडली. वर बांधकाम, खाली पाइप आणि त्यात एक भोक, जे कुणाला दिसतच नव्हतं.

बातमी वाचून आपण महापालिकेला शिव्या देतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण असाच जमिनीत गाडलेला, वरून न दिसणारा पाइप तुमच्या घराखालीही आहे. रो-हाउस असेल, गावाकडचं घर असेल, सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट असेल तर नक्कीच. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तरी सोसायटीच्या खालच्या टाकीपर्यंत येणारा पाइप जमिनीतूनच येतो.

प्रश्न असा आहे की ही गळती सापडणार कशी? प्ले स्टोअरवर 'वॉटर लीक डिटेक्टर' टाकलं की डझनभर ॲप्स समोर येतात. ती काम करतात का? खरी यंत्रं कोणती? आणि स्मार्ट मीटर आल्यावर काय बदलेल? एकेक करून बघू.

१ मिलिमीटरचं भोक किती पाणी घालवतं?

नळातून दर सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला साधारण ४ लिटर पाणी जातं. एक-दोन बादल्यांच्या आतलं काम.

आता पाइपला १ मिमीचं भोक आहे आणि वरची टाकी त्यापासून १० मीटर उंचावर आहे असं धरू. म्हणजे तीन मजली इमारत. बारावीच्या फिजिक्समधलं सूत्र लावलं तर त्या भोकातून पाणी सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने बाहेर पडतं. कडेला होणारा अडथळा वजा केला तरी मिनिटाला ४०० मिलि, तासाला २४ लिटर आणि दिवसाला जवळपास ५७० लिटर.

शहरात माणशी १३५ लिटर रोज हा सरकारी निकष आहे. चार जणांच्या कुटुंबाचे झाले ५४० लिटर. म्हणजे पेन्सिलच्या टोकाएवढं भोक अख्ख्या एका कुटुंबाचं पाणी पितं! भोक २ मिमीचं झालं तर क्षेत्रफळ चौपट, म्हणून गळतीही चौपट. टाकी कमी उंचीवर असेल तर आकडा थोडा उतरतो, पण उंची निम्मी केली तरी गळती निम्मी होत नाही, ७० टक्क्यांच्या आसपास राहते.

हे पाणी जातं कुठे? फरशीखालच्या भरावात. मुरूम हळूहळू वाहून गेला की फरशी ठोकल्यावर पोकळ वाजते, मग बसते. आपल्याकडे दख्खनच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. एका कोपऱ्यात गळती असेल तर घराखालची माती एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला कोरडी. मग भिंतीला तिरक्या भेगा जातात, दरवाजे अडकायला लागतात आणि आपण रंगवाल्याला बोलावून क्रॅक-फिल मारून घेतो. आजार पायाशी, औषध रंगाला.

पाणी बाहेर जातं, तसं आतही येतं

इथे इंदूरचा मुद्दा परत येतो. पाइपमध्ये दाब आहे तोपर्यंत पाणी भोकातून बाहेरच जाणार. पण आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तास येतं. पुरवठा बंद झाला की लाइनमधलं पाणी सखल भागाकडे उतरतं आणि मागे पाइपमध्ये हवेपेक्षाही कमी दाब तयार होतो. तेव्हा तेच भोक आजूबाजूचं पाणी आत ओढायला लागतं. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल आणि तीही फुटकी असेल, तर काय ओढलं जाईल हे वेगळं सांगायला नको.

त्यात कुणी पालिकेच्या नळाला डायरेक्ट मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते. म्हणून डायरेक्ट मोटर म्हणजे फक्त शेजाऱ्याचं पाणी चोरणं नाही. स्वतःच्याच घरात घाण खेचण्याचा तो हमखास उपाय आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित अन्नपाण्यातून पसरणारा हा जिवाणू. त्या साथीचं खापर एखाद्या ठरावीक पाइपवर फोडता येत नाही. पण तेव्हा सगळ्या शहराला जो प्रश्न पडला, तो बरोबर होता. शुद्धीकरण केंद्रातून चांगलं निघालेलं पाणी माझ्या नळापर्यंत चांगलं पोचतंय का?

आधी घराच्या पाइपांचे चार भाग करा

यूट्यूबवर 'स्लॅब लीक' शोधलंत तर बहुतेक व्हिडिओ अमेरिकेचे निघतील. टेक्सासमध्ये वगैरे घरं थेट काँक्रीटच्या स्लॅबवर उभी असतात, जुन्या घरांत तांब्याचे पाइप त्या स्लॅबखालून गेलेले असतात आणि शहराचं पाणी २४ तास दाबाने येतं. तिथला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. कारण आपल्याकडे मध्ये टाक्या आहेत, पाइप बहुतेक प्लास्टिकचे किंवा जुने जीआयचे आहेत आणि पाणी वेळेवर येतं-जातं.

आपल्या घरात साधारण चार वेगळे भाग असतात:

१. पालिकेच्या लाइनपासून खालच्या टाकीपर्यंत. दाब फक्त पाणी येण्याच्या वेळेत. घाण आत येण्याचा सर्वात मोठा धोका इथे.

२. खालच्या टाकीपासून मोटरने वरच्या टाकीपर्यंत. खरा दाब फक्त मोटर चालू असताना.

३. वरच्या टाकीपासून नळांपर्यंत. दाब चोवीस तास, म्हणून गळतीही चोवीस तास. सर्वात जास्त पाणी इथे वाया जातं, पण घाण आत यायची शक्यता कमी.

४. सांडपाण्याची लाइन. हिला दाब नसतो. ही गळत असेल तर मीटरवर काहीच दिसणार नाही, पण वासावरून, झुरळांवरून आणि भिंतीच्या पायाशी वर्षभर राहणाऱ्या ओलीवरून कळतं.

प्रत्येक भागाची टेस्ट वेगळी आहे. 'घरात लीकेज आहे' एवढं सांगून प्लंबरला बोलावलं तर तो त्याला जिथे वाटेल तिथे फोडायला सुरुवात करतो. प्रोग्रॅमिंगमध्ये जसं आधी बग कुठल्या मॉड्यूलमध्ये आहे ते शोधतात आणि मगच कोड उघडतात, तसंच हे आहे.

शून्य टेस्ट: खर्च शून्य, यंत्र शून्य

तत्त्व सोपं आहे. सगळे नळ बंद असताना पाण्याचा वापर शून्य असायला हवा. शून्य नसेल तर गळती आहे.

*भाग ३ साठी, म्हणजे टाकी ते नळ:* रात्री झोपताना वरची टाकी भरून घ्या आणि मोटर बंद ठेवा. टाकीत एक सरळ काठी किंवा पाइपचा तुकडा बुडवून पाण्याची खूण करा आणि मोबाईलवर फोटो काढा, म्हणजे वेळही नोंदली जाते. रात्रभर कुणी फ्लश किंवा नळ वापरायचा नाही. त्यासाठी दोन बादल्या भरून ठेवा. सकाळी परत मोजा. १ मीटर व्यासाच्या गोल टाकीत १ सेंमी पातळी उतरली म्हणजे जवळपास ८ लिटर पाणी गेलं. वरच्या उदाहरणातलं १ मिमीचं भोक ८ तासांत सुमारे १९० लिटर घालवेल, म्हणजे पातळी २४ सेंमी उतरेल. हे डोळ्यांनी दिसतं.

पातळी उतरली तरी लगेच फरशीवर संशय नको. पहिला संशयित फ्लश टँक. टाकीच्या पाण्यात खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय, फरशी निर्दोष आहे. वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप आणि गॅलरीतला विसरलेला नळही बघून घ्या.

हे सगळं ठीक असेल तर दुसऱ्या रात्री अर्धे व्हॉल्व्ह बंद करून तीच टेस्ट करा. किचनची लाइन बंद, बाथरूमची चालू. तिसऱ्या रात्री उलट. गिझरला जाणारा अँगल कॉक बंद केल्यावर गळती थांबली तर गरम पाण्याची लाइन फुटली आहे. बायनरी सर्च हाच. तीन-चार रात्रींत सगळ्या घरावरून एका खोलीवर येता.

*भाग १ साठी, म्हणजे पालिकेची लाइन:* पाणी आलेलं असतानाच ही टेस्ट होते. खालच्या टाकीत पाणी पडतं तिथला कॉक बंद करा आणि मीटर बघा. मीटरच्या तबकडीवर एक छोटं चांदणीसारखं चाक असतं. टाकीत पाणी पडत नसताना ते फिरत असेल तर मीटर आणि टाकीच्या मध्ये जमिनीत गळती आहे. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ किंवा वासाचं येत असेल तर हीच लाइन आधी तपासा, आणि तोवर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. क्लोरिन शिल्लक आहे का हे बघणारी ओटी टेस्टची किट स्वस्तात मिळते. ग्रामपंचायतीचे पाणी कर्मचारी तीच वापरतात. एरवी क्लोरिन दाखवणारं पाणी एखाद्या दिवशी अचानक दाखवेनासं झालं तर वॉर्ड ऑफिसला कळवा.

*भाग २ साठी:* मोटर किती मिनिटांत टाकी भरते ते स्टॉपवॉचवर मोजून ठेवा. मोटर तीच, टाकी तीच, पण वेळ वाढत चालली असेल तर लाइन, व्हॉल्व्ह किंवा पंप यांपैकी काहीतरी बिघडलं आहे.

*खालची टाकी:* ती स्वतःही गळते. भरून, आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी बंद करून २४ तास पातळी बघा. पावसाळ्यात उलट टेस्टही करा. टाकी रिकामी करून ठेवल्यावर भिंतीतून पाणी पाझरून आत येतंय का?

एक गोष्ट लक्षात ठेवा. घरगुती १५ मिमीचे जे साधे क्लास-बी मीटर असतात, त्यांची अचूकता ताशी ३० लिटरच्या खाली धरली जात नाही. आपल्या १ मिमीच्या भोकाची गळती ताशी २४ लिटर! म्हणजे मीटर ती कमी मोजेल किंवा पूर्ण चुकवेल. छोट्या गळतीसाठी टाकीतली काठी मीटरपेक्षा भारी ठरते, ती यामुळे.

आता ॲप्सचं खरं-खोटं

'थर्मल कॅमेरा' म्हणवणारी ॲप्स: खोलीतल्या तापमानाच्या वस्तू ज्या इन्फ्रारेड लहरी सोडतात त्यांची लांबी ८ ते १४ मायक्रॉन असते. फोनच्या कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर साधारण १ मायक्रॉनपर्यंतच बघू शकतो. टीव्हीच्या रिमोटचा दिवा काही फोनच्या कॅमेऱ्यात चमकताना दिसतो, ती याची हद्द. त्यामुळे ही ॲप्स साध्या फोटोवर निळा-लाल फिल्टर चढवतात. गंमत म्हणून ठीक, पण त्यावरून टाइल्स फोडू नका. फोनला जोडायचे खरे थर्मल कॅमेरे मिळतात, पण त्यात वेगळा सेन्सर असतो आणि म्हणून ते महाग असतात.

मायक्रोफोनवाली ॲप्स: गळतीचा आवाज येतो हे खरं आहे. पण फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनलाय. सततचा 'सूं' आवाज तो गोंगाट समजून दाबूनही टाकतो. शिवाय जमिनीतला आवाज हवेत येईपर्यंत फार क्षीण होतो. रात्रीच्या शांततेत स्पेक्ट्रम ॲपवर काहीतरी दिसेलही, पण जागा कळणार नाही.

'पाणी शोधणारी' चुंबकीय ॲप्स: फोनमधला मॅग्नेटोमीटर लोखंड ओळखतो. पाणी नाही.

मग फोन निरुपयोगी का? अजिबात नाही. वेळेसकट फोटो, स्टॉपवॉच आणि नोंदींची एक साधी शीट, एवढ्यावर वरच्या सगळ्या टेस्ट होतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'मला वाटतं लीकेज आहे' आणि 'सलग तीन रात्री पातळी २० सेंमी उतरली, हे फोटो' या दोन वाक्यांत खूप फरक असतो.

नेमकी जागा शोधणारी खरी यंत्रं

गळती आहे हे पक्कं झालं आणि भागही कळला, की मग व्यावसायिक लीक डिटेक्शनवाल्याला बोलवा. त्याच्याकडे काय असायला हवं?

*ग्राउंड मायक्रोफोन:* जमिनीला टेकवायचा संवेदनशील माइक आणि हेडफोन. फरशीवर जागोजागी ठेवून सर्वात मोठा आवाज कुठे येतो ते ऐकतात. जीआयसारख्या धातूच्या पाइपमधून आवाज लांब जातो. प्लास्टिक तो शोषून घेतं, म्हणून सीपीव्हीसी-यूपीव्हीसीमध्ये हे काम अवघड होतं.

*कोरिलेटर:* सोसायटीच्या किंवा रस्त्याच्या लांब लाइनसाठी. पाइपच्या दोन टोकांना दोन सेन्सर लावतात. गळतीचा आवाज जवळच्या सेन्सरला आधी आणि लांबच्याला नंतर पोचतो. त्या फरकावरून जागा काढतात. समजा सेन्सरमध्ये ६० मीटर अंतर आहे आणि आवाजात ०.०२ सेकंदाचा फरक आला. धातूच्या पाइपमध्ये आवाजाचा वेग १२०० मीटर धरला तर या फरकाचे २४ मीटर होतात. ६० मधून २४ वजा करून निम्मे केले की गळती जवळच्या सेन्सरपासून १८ मीटरवर. पण पाइप प्लास्टिकचा असेल तर वेग ३०० ते ५०० मीटरच असतो. ४०० धरला तर तीच गळती २६ मीटरवर निघते. पाइप कशाचा आहे हे चुकीचं सांगितलं तर खड्डा ८ मीटर बाजूला पडतो! यंत्र कितीही स्मार्ट असलं तरी इनपुट चुकलं की आउटपुट चुकणारच.

*ट्रेसर गॅस:* घरातल्या प्लास्टिक पाइपसाठी चांगला उपाय. लाइन रिकामी करून त्यात ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन भरतात. या प्रमाणात हे मिश्रण पेट घेत नाही. हायड्रोजन सर्वात हलका, तो भोकातून निघून फरशीच्या सांध्यांमधून वर येतो आणि सेन्सर तो पकडतो.

*थर्मल कॅमेरा:* फरशीच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, पाणी नाही. गरम पाण्याच्या लाइनवर उत्तम. थंड लाइनवर ओल सुकताना होणारा गारवा दिसू शकतो, पण तो गारवा नुकतंच पुसलेल्या फरशीचाही असू शकतो.

*मॉइश्चर मीटर:* भिंत किती ओली ते सांगतो, पाणी कुठून आलं ते नाही. फक्त हे एक यंत्र घेऊन येणारा आणि लगेच वॉटरप्रूफिंगचं कोटेशन देणारा माणूस भेटला तर सावध व्हा.

डिटेक्शनवाल्याला आधीच विचारा: दोन वेगळ्या पद्धतींनी एकच जागा दाखवाल का? आणि तिथे फोडल्यावर काही नाही निघालं तर काय?

दुरुस्ती: फोडायचं की वळवायचं?

नवीन घर, प्लास्टिक पाइप आणि एकच सांधा सुटला असेल तर तेवढी जागा उघडून तुकडा बदलणं योग्य. पण जुनी जीआय लाइन आतून गंजली असेल तर आज एक भोक बुजवलं की सहा महिन्यांनी शेजारी दुसरं पडणार. अशा वेळी फरशीखालची लाइन दोन्ही टोकांना बंद करून सोडून द्यायची आणि नवीन लाइन भिंतीवरून किंवा छताजवळून न्यायची. दिसायला थोडं खटकतं, पण पुढची गळती डोळ्यांना दिसेल हा मोठा फायदा.

वरून केमिकल ओतून, सांध्यांत ग्राउट भरून दाबाची लाइन बरी होत नाही. पाणी फक्त दुसरी वाट शोधतं. वॉटरप्रूफिंग हा बाथरूमच्या फरशीवर सांडणाऱ्या पाण्याचा उपाय आहे, फुटलेल्या पाइपचा नाही.

काम झाल्यावर फरशी बंद करण्याआधी टेस्टिंग पंपाने दाब देऊन गेज बघा. सॉल्व्हेंट सिमेंटचा सांधा सुकायला पाइप कंपनीने सांगितलेला वेळ द्या, घाई नको. दाबही कंपनीने सांगितला तेवढाच द्या. काटा तासभर स्थिर राहिला तरच सिमेंट ओता.

आणि त्याआधी फोटो! उघड्या पाइपशेजारी मेजर टेप ठेवून, दोन भिंतींपासूनचं अंतर दिसेल असे फोटो आणि एक सलग व्हिडिओ काढा. घराच्या नावाने फोल्डर करून क्लाउडवर ठेवा. नवीन फ्लॅट किंवा घराचं काम चालू असेल तर फरशी पडण्याआधी हेच करा. दहा वर्षांनी हे दहा फोटो कुठल्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडतील.

खर्च कोणाचा?

नवीन इमारत असेल तर रेरा कायद्याचं कलम १४(३) लक्षात ठेवा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तुम्ही कळवलं, तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा आहे. तक्रार लेखी करा, तारखेसह फोटो जोडा.

सोसायटीत आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनच्या गळतीचा खर्च सोसायटीचा. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. भांडण होतं ते नेमकं 'गळती कुठल्या लाइनची' यावर, आणि त्याचं उत्तर वरची शून्य टेस्ट देते.

स्मार्ट मीटर आले की प्रश्न सुटेल?

केंद्राच्या अमृत २.० योजनेत शहरांनी हिशेबबाह्य पाणी २० टक्क्यांच्या खाली आणावं असं उद्दिष्ट आहे. शुद्ध करून सोडलेल्या पाण्यापैकी ज्याचे पैसे मिळत नाहीत ते हे पाणी. त्यात गळती, चोरी आणि मोजलंच न गेलेलं पाणी असं सगळं येतं. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे छोटे झोन पाडून मीटर बसवले जात आहेत. नागपूरनेही चोवीस तास पाण्याचा मार्ग घेतला. कराडजवळच्या मलकापूरने तर हे कधीच करून दाखवलं.

झोनमध्ये गळती शोधायची पद्धत आपल्या काठीच्या टेस्टसारखीच आहे. रात्री २ ते ४ मध्ये सगळं गाव झोपलेलं असतं. तेव्हाही झोनमध्ये भरपूर पाणी शिरत असेल तर ते जमिनीत जातंय.

पण मीटर 'स्मार्ट' आहे म्हणजे नेमकं काय, हे विचारायला हवं. गाडी फिरवून दोन महिन्यांनी एक आकडा वाचला जाणार असेल तर तो मीटर फक्त बिलवाल्याचे पाय वाचवतो. त्यातून तुमची गळती दोन महिन्यांनी कळेल, तीही वाढलेल्या बिलावरून. उपयोग तेव्हा आहे जेव्हा तासातासाची नोंद होते आणि ती ग्राहकाला दिसते. 'तुमच्याकडे सलग तीन रात्री पाणी शून्यावर आलं नाही' एवढा एक मेसेज आला तरी लाखो लिटर वाचतील. वीज कंपन्यांची ॲप्स आज वापराचे आलेख दाखवतात, मग पाण्याचे का नकोत?

इथे दुसरी बाजूही आहे. तासाची नोंद म्हणजे घरात कुणी कधी उठतं, घर कधी रिकामं असतं याचीही नोंद. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती वापरण्यावर बंधनं घातली आहेत. मीटर बसवताना हा डेटा कुठे जाणार, किती दिवस राहणार आणि कोण बघणार, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

आणि मीटर बसले तरी पाणी दिवसातून दोनच तास येत असेल, तर भोक घाण ओढत राहणारच. मीटर गळती दाखवेल. ती बुजवणं आणि लाइनमध्ये सतत दाब ठेवणं हे काम उरतंच. भागीरथपुऱ्यात कमी पडलं ते भोक वेळेत शोधून बुजवण्याचं काम.

तोवर आपल्या हातात आहे ती काठी, दोन बादल्या आणि फोनचा कॅमेरा. आज रात्री टाकी भरली की एक फोटो काढा. सकाळी दुसरा. दोन्हींत पाणी एकाच खुणेवर असेल तर टाकीपासून नळापर्यंतची लाइन ठीक आहे. नसेल तर फ्लश टँकपासून सुरुवात करा, आणि हा लेख सोसायटीच्या ग्रुपवर टाका.